स्लॅबखालची पोकळी आणि फुगणारा फोम

काळ्या जमिनीतून रस्ता नेणं सोपं नाही. बुलढाणा जिल्ह्यातली ही माती पावसाळ्यात पाणी पिऊन फुगते आणि वैशाखात तिला हात जाईल एवढ्या भेगा पडतात. मेहकर, सिंदखेड राजा भागातून गेलेला समृद्धी महामार्ग काँक्रीटचा. नागपूर ते शिर्डी हा त्याचा 520 किलोमीटरचा टप्पा 11 डिसेंबर 2022 रोजी खुला झाला. तो नवा आहे तोवरच दुरुस्तीचा विचार व्हायला हवा.

काँक्रीटचा स्लॅब अनेकदा खालून बिघडतो. सांध्यातलं सीलंट निघालं की पाणी आत उतरतं आणि ट्रक गेला की गाळासकट वर उसळतं. माती अशी वाहून जात राहते, कोपरा अधांतरी उरतो आणि एक दिवस तुटतो. फोडून नवा स्लॅब ओतायचा तर रस्ता कित्येक दिवस बंद. कडक पॉलियुरेथेन फोमचं काम तासांत उरकतं. स्लॅबला बोटभर भोक पाडून दोन द्रव एकत्र आत सोडतात. काही सेकंदांत मिश्रण फुगतं, पोकळी भरतं, खचलेला स्लॅबही उचलतं.

अमेरिकी लष्कराच्या व्हिक्सबर्ग इथल्या संशोधन केंद्राने हा फोम धावपट्टीवरचे बॉम्बचे खड्डे भरण्यासाठी तपासला. वर झटपट घट्ट होणारं काँक्रीट टाकून विमानाच्या चाकाइतका भार त्यावरून पुन्हापुन्हा फिरवला.

प्रयोगशाळेतली चाचणी बारकाईने पाहण्यासारखी असते. साच्यात फुगलेल्या फोमची साल दाट असते, गाभा हलका. सालीसकट दाबला तर ताकदीचा आकडा फसवतो, म्हणून तुकडा गाभ्यातून कापतात, वजन करून घनता काढतात, मगच दाबयंत्राखाली ठेवतात. खरी परीक्षा पाण्याची. फोममधलं आयसोसायनेट पाण्याशी मिळून कार्बन डायऑक्साइड सोडतं. त्यामुळे फोम जास्त फुगतो, पण ठिसूळ, कमजोर होऊ शकतो. शिवाय उन्हात ही क्रिया वेग घेते आणि एकदम मोठा घाणा ओतला तर गाभा करपतो.

म्हणून कोरड्या साच्यातल्या आकड्यावर मी विसंबणार नाही. फोम ओल्या खडीत, तुंबलेल्या पाण्यात, आपल्या काळ्या मातीवर ओतून पाहायला हवा. स्लॅबवर ठरावीक वजन पाडून तो किती दबतो हे मोजणारं यंत्र असतं. त्याने कोपरे फोम भरण्याआधी, भरल्यानंतर आणि एक पूर्ण पावसाळा गेल्यावर तिसऱ्यांदा मोजावेत.