निजण्याआधी शेगडी बाहेर

थंडीत आपण कोळशाची शेगडी खोलीत घेतो, दारे-खिडक्या लावतो. निखाऱ्यांना धूर नसतो, म्हणून धोका नाही असे वाटते. परंतु कोंडलेल्या हवेत कार्बन मोनॉक्साइड हा विषारी वायू साठतो. सिलिंडरच्या गॅसला गळती कळावी म्हणून मुद्दाम वास दिलेला असतो. या वायूला ना वास, ना रंग. रक्तातील हिमोग्लोबिनला तो प्राणवायूपेक्षा २०० पटींहून अधिक घट्ट चिकटतो. झोपलेल्याला जागही येत नाही.

तेव्हा निजण्यापूर्वी शेगडी बाहेर ठेवू या. गॅसचा गीझर न्हाणीघराबाहेर मोकळ्या हवेत बसवू या. घरात एकाच वेळी अनेकांचे डोके दुखले, चक्कर-मळमळ झाली, तर सर्वांना ताबडतोब बाहेर आणून दवाखाना गाठावा.