आता गाणं लावा

(नभोवाणीवरील भाषणाचं संपादित रूप)

गाणं ऐकण्याचा शौक तसा स्वस्तातला. एक रेडिओ, दहा-पंधरा कॅसेटी आणि रात्रीची निवांत वेळ, एवढ्यावर आपल्याकडच्या दोन पिढ्यांचे कान तयार झाले. पण या शौकाला एक धाकटा भाऊ आहे आणि तो फार खर्चिक आहे. तो म्हणजे गाणं वाजवणाऱ्या यंत्रांचा शौक. थोरला विचारतो, काय ऐकायचं? धाकटा विचारतो, कशावर ऐकायचं? दोघं एका घरात गुण्यागोविंदानं नांदले तर उत्तमच. पुष्कळदा मात्र धाकटा हळूहळू सगळं घर व्यापतो आणि थोरल्याला बसायला जागा उरत नाही.

माझ्या परिचयात एक निवृत्त बँक अधिकारी आहेत. कान चांगला, रेकॉर्डींचा संग्रह त्याहून चांगला. मुलं मार्गी लागली, फंडाचे पैसे हाती आले आणि चार-पाच वर्षांत त्यांनी तीनदा अँप्लिफायर बदलला, दोनदा स्पीकर बदलले. घरी कोणी गेलं की ते एका मैफलीच्या सुरुवातीचे तानपुरे ऐकवत. दीड मिनिट झालं की थांबवून विचारत, "खर्ज ऐकलात? अजून मनासारखा येत नाही." एकदा स्वयंपाकघरातून काकूंचा आवाज आला, "अहो, कधीतरी त्या बुवांना गाऊ तरी द्या!"

आम्ही हसलो, पण काकूंचं म्हणणं हसण्यावारी नेण्यासारखं नव्हतं. पैसे गेले ते गेलेच, त्याहून मोठी गोष्ट म्हणजे त्या घरातलं गाणं थांबलं होतं. म्हणून आज या प्रश्नाकडे जरा हिशेबीपणानं पाहू. घरातली ध्वनियंत्रणा सुधारत न्यायची ती कुठवर?

गाणं आपल्या कानापर्यंत येतं ते एका साखळीतून. आधी ध्वनिमुद्रण, मग ते वाजवणारं यंत्र, मग अँप्लिफायर, मग स्पीकर, मग आपली खोली आणि सरतेशेवटी आपला कान. दुकानात विकायला असतात त्या मधल्या तीन कड्या. दोन्ही टोकांच्या कड्या दुकानात मिळत नाहीत, त्यामुळे त्यांच्याबद्दल दुकानदार बोलत नाही. त्याला दोष देण्यात अर्थ नाही, त्याचा तो धंदा आहे.

वाजवणाऱ्या यंत्राची कडी सगळ्यात लवकर निकालात निघते. १९८२ मध्ये सीडी बाजारात आली. तिच्यात आवाजाची मोजणी सेकंदाला ४४,१०० वेळा होते आणि त्यातून २०,००० कंपनांपर्यंतचे स्वर नीट साठवता येतात. माणसाच्या कानाची वरची मर्यादा तीच, आणि तीही तरुणपणी. पुढे याहून बारीक मोजणीच्या तबकड्या निघाल्या, त्या पुष्कळ महाग विकल्या गेल्या. अमेरिकेत मेयर आणि मोरन या दोघांनी त्यांची परीक्षा घेतली आणि २००७ मध्ये निष्कर्ष छापले. श्रोत्यांना न सांगता मूळ आवाज आणि सीडीच्या मापात उतरवलेला तोच आवाज आलटून पालटून ऐकवला. ५५४ वेळा विचारलं, २७६ वेळा उत्तर बरोबर आलं. नाणं उडवूनही एवढंच साधलं असतं. २०१६ मध्ये लंडनच्या जोशुआ राइस यांनी अशा अनेक प्रयोगांचे आकडे एकत्र केले, तेव्हा बरोबर उत्तरांचं प्रमाण ५२.३ टक्के निघालं. म्हणजे फरक अगदीच नाही असं नाही, पण तो इतका पुसट आहे की त्यासाठी फंडाला हात लावू नये. आज काही हजारांच्या छोट्या डबीतही हे काम निर्दोष होतं.

अँप्लिफायरबाबत आपल्याला वॉटचा आकडा भुलवतो. ५० वॉटचा आहे, १०० वॉटचा घेतला तर आवाज दुप्पट होईल असं वाटतं. प्रत्यक्षात वॉट दुप्पट केले की आवाज ३ डेसिबलनं वाढतो. हा फरक कळतो, पण बेताचाच. कानाला आवाज दुप्पट वाटायला साधारण दहापट वॉट लागतात. घरगुती स्पीकर १ वॉटवर, एक मीटर अंतरावर, ८५ ते ९० डेसिबल आवाज देतात आणि आपण मोठ्यानं गप्पा मारतो तो आवाज याहून कमी असतो. म्हणजे दिवाणखान्यात गाणं ऐकताना बराच वेळ आपण एखादा वॉटच वापरत असतो. तबल्याच्या थापेला, तारसप्तकातल्या पुकारीला क्षणभर त्याच्या दहा-वीसपट लागतात, ते चांगल्या ५० वॉटांत आरामात भागतं. उरलेले वॉट शेजाऱ्यांसाठी.

वायरीचं प्रकरण तर मी दोन वाक्यांत संपवणार आहे. इलेक्ट्रिकच्या दुकानात मिळणारी २.५ चौरस मिलिमीटरची तांब्याची लवचिक वायर पाच मीटर टाकली तर जाऊन-येऊन तिचा विरोध सुमारे ०.०७ ओहम भरतो, म्हणजे आठ ओहमच्या स्पीकरपुढे एक टक्कासुद्धा नाही. सोनेरी वेष्टणातल्या वायरीला त्याहून वेगळं करण्यासारखं काही उरत नाही.

स्पीकरचं तसं नाही. स्पीकरा-स्पीकरांत खरोखर फरक असतो, अगदी नवख्यालाही कळणारा. पैसे खर्चायचेच असतील तर इथे खर्चावेत, एकदाच आणि नीट ऐकून. पण ते ऐकणंही सोपं नाही, कारण आपण डोळ्यांनीही ऐकतो. १९९४ मध्ये फ्लॉइड टूल आणि शॉन ऑलिव्ह यांनी एका मोठ्या ध्वनियंत्र कंपनीतल्या माणसांना स्पीकर आधी पडद्याआड ठेवून आणि मग समोर दाखवून ऐकवले. समोर दिसताच मोठ्या, भारदस्त पेट्यांचे गुण वाढले आणि स्वस्त, लहानशा संचाचे घसरले. पडद्याआड त्याच लहान संचानं चांगली बरोबरी केली होती. आणखी एक गंमत म्हणजे स्पीकरची जागा बदलल्यावर आवाजात होणारा फरक पडद्याआड त्यांना चांगला कळत होता, पण पेटी डोळ्यांना दिसू लागल्यावर त्याकडे दुर्लक्ष होऊ लागलं.

जागेची ही गोष्टच मला आज मुख्यतः सांगायची आहे, कारण घरातल्या आवाजाचं बरंचसं बरं-वाईट तिथेच ठरतं.

आपल्या बँकेतल्या काकांचा खर्ज घ्या. काळी एकमध्ये लावलेल्या तानपुऱ्याची खर्जाची तार सेकंदाला सुमारे ६९ कंपनं करते. आवाज हवेतून सेकंदाला सुमारे ११२५ फूट जातो. भागाकार केला की कळतं, खर्जाची एक लाट जवळजवळ १६ फूट लांब असते. आता काकांचा हॉल नेमका १६ फुटांचा. म्हणजे खर्जाची एक अख्खी लाट त्या हॉलमध्ये भिंतीपासून भिंतीपर्यंत मावते, समोरच्या भिंतीवरून परत फिरते आणि येणारी-जाणारी लाट मिळून खोलीत ठाण मांडून बसते. मग काही ठिकाणी खर्ज घुमतो आणि काही ठिकाणी पार बसतो. घुमतो तो दोन्ही भिंतींना लागून आणि बरोब्बर मध्यावर. बसतो तो दोन्ही भिंतींपासून चार-चार फुटांवर. काकांचा कोच मागच्या भिंतीपासून चार फुटांवर होता, कारण त्याच्या मागून गॅलरीत जायची वाट होती! तीन अँप्लिफायर आले आणि गेले, कोच जागचा हलला नव्हता. तो दोन फूट मागे सरकवला आणि खर्ज आला. खर्च शून्य, फक्त गॅलरीत जाताना आता जरा आडवं व्हावं लागतं.

हे गणित कागदावरचं आहे. खऱ्या खोलीत दारं-खिडक्या असतात, कपाटं असतात, भिंती वेगवेगळ्या असतात, त्यामुळे आकडे थोडे इकडे-तिकडे होतात. पण तत्त्व पक्कं आहे. खालच्या स्वरांच्या लाटा खोलीएवढ्या लांब असतात आणि त्यांना किती जागा द्यायची हे खोली ठरवते. महाग स्पीकरलाही तिचं ऐकावं लागतं. कोणतंही यंत्र बदलण्याआधी स्पीकर भिंतीपासून थोडे पुढे-मागे करून पाहा, स्वतःची खुर्ची सरकवून पाहा. एक रविवार जाईल, एवढंच.

वरच्या स्वरांचं दुखणं निराळं. आजच्या फ्लॅटमध्ये खाली गुळगुळीत लादी, एका बाजूला काच, बाकी कोऱ्या भिंती. हॉलच्या मधोमध उभं राहून एक टाळी वाजवा. टाळीमागून थरथरणारी झिणझिण ऐकू आली तर समजावं की गाण्यातला प्रत्येक शब्द आणि प्रत्येक बोल अशीच शेपूट लावून येतो आहे. सतरंजी, जाड पडदे, पुस्तकांनी भरलेलं कपाट, कोचावरची गोधडी, या सगळ्यांनी ती शेपूट आखडते. जुन्या वाड्यातल्या माजघरात साधा रेडिओही गोड का वाजायचा, त्याचं निम्मं उत्तर तिथल्या गाद्या-गिरद्यांत आहे. उरलेलं निम्मं आपल्या तेव्हाच्या वयात असावं.

वयावरून आठवलं, साठीच्या आसपास बहुतेकांना दहा-बारा हजार कंपनांपलीकडचं क्षीण होत जातं. यात दुःख करण्याजोगं काही नाही, गायकाचा गळा आणि वाद्यांचा गाभा त्याच्या पुष्कळ खाली असतो. फक्त ज्या वयात महागडं यंत्र परवडू लागतं त्याच वयात त्याच्या जाहिरातीतल्या वरच्या आकड्यांचा आपल्याशी संबंध संपत येतो, हे ध्यानात ठेवलेलं बरं.

आता साखळीची पहिली कडी, म्हणजे ध्वनिमुद्रण. नोव्हेंबर १९०२ मध्ये कोलकात्यात फ्रेड गैसबर्ग यांनी गौहर जान यांचं गाणं मुद्रित केलं, तेव्हा मायक्रोफोन नव्हता. कर्ण्यात तोंड घालून गायचं आणि जेमतेम तीन मिनिटांत राग आटपायचा. विजेवरचं मुद्रण १९२५ नंतर आलं. त्याआधीच्या तबकड्यांत साधारण अडीचशे ते अडीच हजार कंपनांपलीकडचं फारसं उतरतच नसे. त्यात ६९ कंपनांचा खर्ज कुठून असणार? जे मुद्रितच झालं नाही ते कोणताही स्पीकर आणू शकत नाही. उलट जितका साफ स्पीकर, तितकी खरखर साफ.

तरीही त्या तबकड्यांत गाणं ऐकू येतं. १९५७ मध्ये विविध भारती सुरू झाली, तेव्हा मध्यम लहरींवर पाच हजार कंपनांच्या वरचं फारसं येत नव्हतं आणि रेडिओच्या छोट्या स्पीकरमध्ये खर्जही नसायचा. पण तानपुऱ्याच्या तारेतून जवारीमुळे वरचे स्वर आपोआप उमटतात, आपला स्वयंभू गांधार त्यांतलाच. तेवढे कानावर पडले की मेंदू खालचा षड्ज स्वतःच भरून घेतो. ऐकणं हे निम्मं काम आपणच करतो, ते यंत्रावर सोपवता येत नाही.

मग थांबायचं केव्हा? मी विचारणाऱ्यांना एकच सांगतो. दुकानात जाण्याआधी तक्रार कागदावर लिहा. 'डावा स्पीकर अधूनमधून बंद पडतो', 'मोठ्या आवाजात गळा फाटतो', 'शब्द कळत नाहीत', असं काही लिहिता आलं तर ते दुखणं खरं आहे आणि त्यावर इलाज आहे, कधी यंत्राचा तर कधी सतरंजीचा. 'अजून हवं तसं वाटत नाही' एवढंच लिहिता आलं तर पिशवी खुंटीला परत अडकवावी. आणि नवं यंत्र चाचणीला घरी आणलंच, तर मुलाला किंवा सुनेला सांगा, दोन्हींचा आवाज सारखा ठेवून न सांगता बदलत राहा. आवाज सारखा हवाच, कारण जे किंचित मोठं वाजतं ते आपल्याला सरस वाटतं, आणि याचा फायदा विक्रेत्यांना चांगला ठाऊक असतो. वीसपैकी दहा-अकरा वेळाच ओळखता आलं तर यंत्र परत.

बदलणं थांबवलं म्हणून देखभाल थांबवायची नाही. इथे मात्र आपले लोक उलटं करतात, नव्या अँप्लिफायरला तयार आणि सुईला कंजूष. रेकॉर्ड प्लेअरची हिऱ्याची सुई पाचशे ते हजार तास चालते. रोज एक एलपी ऐकली तर साधारण पावणेदोन ते साडेतीन वर्षं. त्यानंतर ती खाचेतून गाणं वाचत नाही, खाच खरवडते, आणि खरवडलेली रेकॉर्ड पुन्हा भरून येत नाही. स्पीकरच्या पडद्याभोवतीची फोमची कडा आपल्या दमट हवेत काही वर्षांत भुगा होते. ती बदलून देणारे कारागीर अजून आहेत, आणि तेवढ्यासाठी चांगली पेटी भंगारात देण्याचं कारण नाही. दर पावसाळ्यानंतर जाळी काढून ती कडा बोटानं हलकेच दाबून पाहावी.