बेलवलकर डॉक्टर होते का?
‘नटसम्राट’मधले गणपतराव बेलवलकर नट होते, हे आपण बिनदिक्कत खरं मानतो. पण रसेलच्या १९०५ च्या मांडणीनुसार असा माणूसच नाही, म्हणून हे वाक्य खोटं. आणि ‘बेलवलकर डॉक्टर होते’ हेही तेवढंच खोटं! इथे आपण अडतो. (डॉक्टर होते ते श्रीराम लागू. १९७० मध्ये ही भूमिका पहिल्यांदा त्यांनीच केली.)

क्रिपकेने १९७३ च्या व्याख्यानांत वेगळी वाट धरली. माणूस नसेल, पण पात्र आहे, शिरवाडकरांनी घडवलेलं. ‘नट होते’ हे नाटकाच्या आत खरं, ‘शिरवाडकरांनी घडवलं’ हे बाहेर. ठीक आहे, पटतं. पण मग प्रयोगाला आपण रडलो ते कोणासाठी? घडवलेल्या पात्राला कुणी घराबाहेर कसं काढणार?