हिमाखालची आग आणि आइसलँडचा रिंग रोड

उन्हाळ्याच्या सुट्टीत मुलांना घेऊन मोटारीने आइसलँड पाहणारी कुटुंबे बहुधा एकाच रस्त्याचा आधार घेतात. बेटाला वळसा घालणारा हा सुमारे १,३०० किलोमीटरचा ‘रिंग रोड’ म्हणजे तेथील महामार्ग क्रमांक एक. नकाशावर हे वर्तुळ अखंड दिसत असले, तरी ते पूर्ण व्हायला १९७४ साल उजाडावे लागले आणि त्यानंतरही निसर्गाने ते वेळोवेळी तोडले आहे.

सर्वांत शेवटी जोडला गेला तो दक्षिणेचा, वात्नायोकुल या बर्फाच्या विस्तीर्ण चादरीच्या पायथ्याचा वाळूचा पट्टा. या बर्फाखाली जिवंत ज्वालामुखी आहेत. त्यांच्या उष्णतेने तळचा बर्फ वितळतो, पाणी साचत जाते आणि एक दिवस बर्फाचा थर उचलून बाहेर पडते. अशा पुरासाठी आइसलँडच्या भाषेत ‘योकुलह्लाउप’ हा खास शब्द आहे. १९९६ च्या सप्टेंबरअखेरीस येथे हिमाखाली उद्रेक झाला. पूर मात्र आला पाच आठवड्यांनी, ५ नोव्हेंबरला. शास्त्रज्ञ त्याची वाटच पाहत होते, त्यामुळे जीवितहानी टळली. पूल मात्र वाचले नाहीत. घराएवढे हिमखंड घेऊन आलेल्या लोंढ्याने एक पूल समूळ नेला, तर स्केइदारा नदीवरील लांबलचक पुलाचा काही भाग तोडला. पिळवटलेल्या लोखंडी तुळया आज रस्त्याच्या कडेला स्मारक म्हणून ठेवल्या आहेत. पुढे २००९ मध्ये या नदीने पात्रच बदलले आणि दुरुस्त केलेला पूल कोरड्या वाळूवर उभा राहिला!

हे संकट पर्यटनाचा हंगाम पाहून येत नाही. जुलै २०११ मध्ये, ऐन गर्दीत, मुलाक्विस्ल नदीवरील पूल असाच वाहून गेला. आठवडाभरात तात्पुरता पूल उभा राहिला. तोवर मोटारी मालट्रकवर चढवून नदीपार नेल्या जात होत्या. दहा दिवसांची सहल तासातासाने आखणाऱ्यांनी ही घटना जरूर ध्यानात ठेवावी. परतीच्या विमानापूर्वी एक-दोन दिवस मोकळे ठेवणे हाच येथे खरा विमा होय. भाड्याच्या मोटारीच्या विम्यात वाळूच्या वादळाने किंवा नदी ओलांडताना झालेले नुकसान अनेकदा धरलेले नसते. अंतर्भागातील ‘एफ’ क्रमांकाचे कच्चे रस्ते जूनच्या मध्यानंतर टप्प्याटप्प्याने खुले होतात आणि तेथे चारही चाकांना गती देणारे वाहनच चालते.

याच वाटेवर हिरव्या शेवाळाने मढलेले एल्डह्राउन हे लाव्ह्याचे मैदान लागते. सह्याद्रीचा कातळ ज्या बेसॉल्टचा, त्याच जातीचा हा खडक; वय मात्र अवघे अडीचशे वर्षांच्या आसपास. १७८३ मध्ये सुरू झालेला लाकीचा उद्रेक आठ महिने चालला. त्यातील विषारी वायूंनी कुरणे नासली, गुरे मेली आणि पाठोपाठच्या दुष्काळात देशाची सुमारे एक पंचमांश लोकसंख्या नष्ट झाली. मुलांना या मऊ गालिच्यावर उड्या माराव्याशा वाटणे स्वाभाविक आहे; पण तुडवलेले शेवाळ पुन्हा धरायला कित्येक दशके लागतात. रस्ता सोडून मोटार घालणे तर कायद्यानेच निषिद्ध आहे.

नैर्ऋत्येकडील रेक्यानेस द्वीपकल्पावर डिसेंबर २०२३ पासून उद्रेकांची मालिका सुरू झाली; ग्रिंदाविक हे गाव त्याआधीच, नोव्हेंबरमध्ये, रिकामे करावे लागले. आंतरराष्ट्रीय विमानतळही याच द्वीपकल्पावर आहे. त्यामुळे विमानातून उतरल्यावर मोटार ताब्यात घेण्यापूर्वी, आणि पुढे रोज सकाळी, रस्ते विभागाच्या संकेतस्थळावरील नकाशा पाहून मगच निघावे.