दुष्काळांत बुडालेल्या चराईची भरपाई : अमेरिकेंतील पद्धति

शेतांतील पीक बुडालें तर किती मण धान्य यावयाचें होतें व किती आलें, हें मोजतां येतें. परंतु कुरणांत जें गवत उगवलेंच नाहीं, त्याचें माप कसें घ्यावें? गवत हेंच पशुपालकाचें पीक होय. तें बुडालें म्हणजे त्याला दूरवरून महाग वैरण आणावी लागते, नाहीं तर वेताच्या गाई पडत्या भावानें विकाव्या लागतात. आणि एकदां दावण मोडली कीं ती पुन्हां उभी करण्यास वर्षें जातात. अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत या प्रश्नाचें जें उत्तर शोधण्यांत आलें, त्याची माहिती आम्ही येथें देत आहों.

२००८ च्या शेतकी कायद्यानें ही भरपाई सुरू झाली. तिचें काम सरकारी शेतकी खात्याच्या स्थानिक कचेऱ्या पाहतात. दुष्काळाच्या भरपाईसाठीं प्रत्येक कुरणाचें गवत मोजण्याचा खटाटोप तेथें करीत नाहींत. सर्व मदार एका नकाशावर असते. नेब्रास्का विद्यापीठांतील दुष्काळ-निवारण केंद्र आणि सरकारचीं हवामान व शेतकी खातीं मिळून १९९९ पासून दर आठवड्यास हा दुष्काळ-नकाशा प्रसिद्ध करीत आलीं आहेत. काउंटीच्या, म्हणजे तेथील जिल्ह्याच्या, कोणत्याहि भागांत चराईच्या मोसमांत अतितीव्र दुष्काळ एकदां जरी दाखविला गेला, तरी तीन महिन्यांची भरपाई मिळते. तो चार आठवडे राहिला, किंवा त्याहून कडक अशी शेवटची पायरी लागली, तर चार महिन्यांची; आणि शेवटची पायरी चार आठवडे टिकली तर पांच महिन्यांची. त्याखालच्या तीव्र दुष्काळांत पूर्वीं सलग आठ आठवडे गेल्यावर एका महिन्याची भरपाई मिळे. २०२५ च्या कायद्यानें ही मुदत चार आठवड्यांवर आणली.

आतां रक्कम कशी ठरते तें पाहूं. मांसासाठीं पाळलेल्या प्रौढ गाईस रोज १५.७ पौंड मक्याइतकें खाद्य लागतें असें धरून महिन्याचा खर्च काढतात. समजा, शंभर गाईंचा हा खर्च ५,००० डॉलर झाला, पण कुरणाची शक्ति ऐंशींच गाई पोसण्याची आहे. तर हिशेब ऐंशींचा, म्हणजे ४,००० डॉलरांचा होतो. त्याचे शेंकडा ६० म्हणजे २,४०० डॉलर ही एका महिन्याची भरपाई. जमिनीच्या शक्तीबाहेर गुरें ठेवणाऱ्यास अशा रीतीनें जादा लाभ मिळत नाहीं. दुष्काळामुळें त्या वर्षीं किंवा मागील दोन वर्षांत विकलेल्या गुरांबद्दलहि या दराच्या शेंकडा ८० रक्कम मिळते. त्यामुळें केवळ भरपाईच्या आशेनें उपाशी गुरें बाळगण्याचें कारण उरत नाहीं.

या पद्धतींत दोष नाहींत असें नाहीं. जिल्ह्याच्या एका कोपऱ्यांत दुष्काळ दिसला कीं सर्व जिल्हा पात्र होतो, आणि शिवेपलीकडचा शेजारी कोरडा राहतो. याहून मोठा दोष दिरंगाईचा. पहिल्या कायद्यांतील ही तरतूद २०११ च्या सप्टेंबरअखेर संपली, आणि पुढच्याच वर्षीं देशभर मोठा दुष्काळ पडला. २०१४ च्या कायद्यानें ती कायमची केली व मागील नुकसानीचेहि पैसे दिले. पण तोंपर्यंत अनेकांनीं गाई विकून टाकल्या होत्या. २०१४ च्या आरंभीं त्या देशांतील गुरांची संख्या १९५१ नंतरची सर्वांत कमी भरली.

महाराष्ट्रांत २०१२-१३ व २०१८-१९ च्या दुष्काळांत सरकारी खर्चानें चारा-छावण्या चालल्या. तेथें वैरण मिळाली, पण गुरांना घर सोडावें लागलें. अमेरिकेंत पैसा मिळतो, पण वैरण ज्याची त्यानें शोधावयाची असते. दोहोंपैकीं कोणताहि मार्ग घेतला तरी दावण मोडण्यापूर्वीं मदत पोहोंचली पाहिजे, हाच मुख्य मुद्दा होय. आणखी एक गोष्ट आमच्या वाचकांनीं ध्यानांत ठेवावी. अमेरिकेंतील पशुपालकासहि आपलीं गुरें किती, तीं केव्हांपासून आपलीं, चराईची जमीन किती, हें कागदोपत्रीं दाखवावें लागतें. तेव्हां घरांत गुरांची नोंदवही आणि खळ्यांत वैरणीची गंजी, या दोन गोष्टी सुकाळांतच तयार असाव्यात.