वाट विचारत घ्यायची छायाचित्रे

परभणी सोडून मनमाडच्या दिशेने निघालेली गाडी लवकरच पेडगावच्या लहानशा स्थानकावरून जाते. हैदराबाद संस्थानाच्या काळात, १९०० च्या सुमारास सुरू झालेला हा लोहमार्ग काळ्याभोर, सपाट शिवारातून धावतो. खिडकीतून पाहणाऱ्यास येथे छायाचित्र घेण्याजोगे काही असेल, असे सहसा वाटत नाही. मराठवाड्यात आलेला पर्यटक वेरूळ-अजिंठा पाहून परततो. परंतु या प्रदेशातील सौंदर्य बरेचसे जमिनीखाली दडलेले आहे. ते रस्त्यावरून दिसत नाही, वाट विचारावी लागते.

परभणीच्या दुसऱ्या बाजूस, याच लोहमार्गावर पिंगळी आहे. तेथील पिंपळेश्वर मंदिराजवळची बारव तारकाकृती आहे. सेलू तालुक्यातील वालूरची बारव त्याहून निराळी. तिच्या पायऱ्या सरळ न उतरता वळसे घेत पाण्यापर्यंत जातात. एके काळी माती आणि कचऱ्याने भरलेली ही बारव २०२१ मध्ये गावकऱ्यांनी श्रमदानाने मोकळी केली. त्यानंतर तिची छायाचित्रे दूरवर पोहोचली आणि भारतीय डाक विभागाच्या चित्र-पोस्टकार्डावरही तिला स्थान मिळाले. विस्मृतीत गेलेल्या वास्तूकडे लोकांचे लक्ष वळविण्यास एखादे छायाचित्रही किती उपयोगी पडते, याचे हे जवळचे उदाहरण होय.

जिंतूर तालुक्यातील चारठाणा येथे प्राचीन मंदिरे, पुष्करणी आणि उंच दगडी स्तंभ एकाच गावात पाहावयास मिळतात. जिंतूरजवळच्या नेमगिरीच्या डोंगरात जैन लेणी आहेत. तेथील ठेंगण्या दारांतून वाकूनच आत जावे लागते. लहानशा पाषाणावर तोललेली भगवान पार्श्वनाथांची मूर्ती पाहून भाविक थक्क होतात. येथे कॅमेरा काढण्यापूर्वी व्यवस्थापनाची अनुमती घ्यावी. ती न मिळाल्यास दर्शनातच समाधान मानावे. डोंगर आणि भोवतालचा परिसर छायाचित्रासाठी आहेच.

कोरीव दगडासाठी सकाळचे किंवा सायंकाळचे तिरपे ऊन उत्तम, कारण त्यात नक्षी उठून दिसते. खोल बारवेच्या तळाशी मात्र सूर्य डोक्यावर आल्यावरच प्रकाश पोहोचतो. पायऱ्यांवर एखादी व्यक्ती उभी असल्यास वास्तूचा आकार पाहणाऱ्याच्या ध्यानी येतो. शेवाळलेल्या पायऱ्यांवर पाऊल जपून टाकावे, मुलांचा हात सोडू नये.

छायाचित्रामागे गावाचे नाव व दिनांक अवश्य लिहावा. शिल्प सुंदर असेल तर त्याचे चित्र घ्यावेच. पण ढासळलेला कोपरा, भिंतीत उगवलेले पिंपळाचे रोप आणि निखळलेला दगडही टिपून ठेवावा. पुढे कोणी त्या वास्तूच्या दुरुस्तीस हात घातला, तर कोणता दगड कोठे होता, हे सांगणारा पुरावा कदाचित एखाद्या कुटुंबाच्या अल्बममध्येच सापडेल.