तात्या विंचूची भीती अजून ओसरत का नाही?

मुलुंड, प्रतिनिधी - ३१ ऑक्टोबरच्या हॅलोविनला पाश्चात्त्य देशांत ड्रॅक्युला आणि फ्रँकेन्स्टाइनचा राक्षस हमखास अवतरतात. १९३१ सालच्या दोन चित्रपटांनी दिलेले त्यांचे रूप आजही मुखवट्यांवर टिकून आहे. मराठी प्रेक्षकांचा असा राक्षस कोण, असे विचारल्यास अनेकांच्या ओठी तात्या विंचूचेच नाव येते.

महेश कोठारे यांच्या 'झपाटलेला' (१९९३) या चित्रपटात दिलीप प्रभावळकर यांनी साकारलेला हा गुंड मरताना मंत्राच्या बळावर बाहुल्यात शिरतो. हा बाहुला शब्दभ्रमकार रामदास पाध्ये यांच्या कलेतून साकारला.

त्याच्या भीतीचे मर्मही येथेच आहे. पाध्ये यांच्या वडिलांपासून चालत आलेल्या अर्धवटरावामुळे बोलका बाहुला म्हणजे निखळ हसू, हे समीकरण मराठी घरांत रुजले होते. चित्रपटाने नेमका हाच विश्वास मोडला. लक्ष्मीकांत बेर्डे यांच्या विनोदावर हसणारा प्रेक्षक बेसावध असतानाच खेळण्याचे डोळे हलतात आणि ओळखीची वस्तू परकी होते.

२०१३ साली 'झपाटलेला २'मधून तात्या त्रिमितीत परतला. मात्र भय केवळ तंत्रातून नव्हे, तर हातांच्या कसबातून आणि प्रेक्षकाच्या ओळखीच्या जगातून जन्मते, हे समजण्यासाठी पहिला 'झपाटलेला' पुन्हा पाहायला हवा.